माळवदावरचं विरजण

कारभारी घोलपांच्या घराचं दार अडकायला लागलं ते पौषाच्या अखेरीला. पावसाळ्यात लाकूड फुगतं हे कुणीही सांगेल. पण चार महिने आभाळातून थेंब नाही, थंडीनं ओठ फुटताहेत, आणि दार मात्र चौकटीत रुतून बसतंय, ह्याला काय म्हणावं? तात्यांनी (सारं पांढरओहळ कारभारींना तात्याच म्हणे) रंधा काढला, दाराची वरची कड तासली आणि विषय संपवला. आठ दिवसांनी दार पुन्हा अडकलं. तात्यांनी पुन्हा रंधा मारला. तिसऱ्यांदा ते रंधा शोधू लागले तेव्हा त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, मोनालीनं, चौकटीच्या वरच्या पट्टीवरून हात फिरवला.

"तात्या, दार फुगलेलं नाय. वरची पट्टी खाली वाकलीय."

"जुनं घर हाय, वाकायचंच. मी नाय का वाकलो?" तात्या म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन हसले. बहात्तर वर्षांचा माणूस, पण हसला की चाळिशीतला वाटायचा.

मोनाली हसली नाही. तिनं शिडी लावली आणि ती माळवदावर चढली. माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. भिंतींवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या पट्ट्यांचं किलचण, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर हातभर जाडीची पांढरी माती. ह्या मातीखालीच मोनाली लहानाची मोठी झाली होती. लग्न मोडून ती माहेरी परतली तेव्हा तात्यांनी एक शब्द न विचारता ह्याच मातीखाली तिची खाट टाकली होती.

तिनं कोपऱ्यातली चिमूटभर माती उचलली. हाताला कोरडी, पिठासारखी. अंगठा आणि बोट ह्यांच्यामध्ये धरून तिनं ती जोर लावून चोळली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग माती गुळगुळीत झाली, मग ओशट, आणि बघता बघता तिच्यातून पाणी सुटून मनगटापर्यंत ओघळलं. तिनं चोळणं थांबवलं. माती बोटांवरच पुन्हा घट्ट होऊन बसली.

ही परीक्षा तिनं कामावर, प्रयोगशाळेत, शेकडो वेळा केली होती आणि दर वेळी तिला आनंद झाला होता. पण तिथं माती शेतातली असे. इथं ती बापाच्या डोक्यावर होती.

पठारावरची ही पांढरी माती तशी दोन घरची. सत्तर-पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वी दूर समुद्रापलीकडे एक ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर तरंगत ह्या पठारावर येऊन पडली. पुढं कोरड्या काळात वाऱ्यानं बारीक गाळ आणून तिच्यात मिसळला. सरवती नदीच्या काठाला ह्या मातीच्या दोन-दोन पुरुष उंचीच्या दरडी आजही सरळसोट उभ्या आहेत. गाळाच्या कणांना चुन्याच्या आणि चिकणमातीच्या इवल्याशा टाक्यांनी एकमेकांशी शिवलेलं असतं, म्हणून कोरडी असेपर्यंत ती भिंतीसारखी उभी राहते. भिजली की टाके विरघळतात आणि भिंत खाली बसते. राखेचे कण मात्र काचेचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते फुटलेल्या बांगड्यांच्या तुकड्यांसारखे दिसतात.

ही काच हवापाण्यानं झिजून तिची सुपीक माती व्हायला हजारो वर्षं लागतात. डॉ. श्रीरंग केळुस्करांनी ते काम दोन हंगामांवर आणलं. त्यांनी घडवलेला जिवाणू काच खायचा आणि तिच्यातून अतिसूक्ष्म पोकळ गोळ्या तयार करायचा. त्या गोळ्या रात्रीच्या हवेतली वाफ ओढून घेत आणि पाणी आत-बाहेर असं काही धरून ठेवत, की हाताला माती कोरडीच लागे. आपल्या वजनाइतकं पाणी ती माती सहज पोटात ठेवी. जिथं हरभरा केवळ दंवावर तग धरून राहायचा, तिथं लोक आता गहू काढू लागले होते. कागदोपत्री त्या जिवाणूला लांबलचक नाव होतं. गावात त्याला विरजण म्हणत, कारण मूठभर माती टाकली की वर्षभरात अख्खं शेत लागायचं.

आणि पठारावरच्या कुठल्याही घरात, शेजारणीनं विरजण मागितलं तर नाही म्हणायची रीत नव्हती.

मोनाली केळुस्करांच्या प्रयोगशाळेत माती तपासायचं काम करी. विरजण आखून दिलेल्या शेतांबाहेर न्यायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तिनं तो मोडला, फक्त एकदा. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात पारा अठ्ठेचाळिसाच्या वर गेला होता. सिमेंटची घरं तंदूर झाली होती, म्हणूनच तर लोक पुन्हा माळवदांकडे वळले होते आणि वीस वर्षं रिकामे बसलेले तात्या अचानक पठारावरचे सगळ्यात मागणी असलेले कारागीर झाले होते. त्या वैशाखात तात्या काम करता करता चक्कर येऊन पडले. प्रयोगशाळेत मोनालीनं पाहिलं होतं, की ह्या मातीचा ट्रे ज्या खोलीत असतो ती खोली माठातल्या पाण्यासारखी गार राहते. दिवसा मातीतली वाफ उडते, रात्री ती पुन्हा पिते. तिनं जेवणाच्या डब्यातून थोडं विरजण घरी आणलं. तात्यांनी ते नव्या मातीत कालवून माळवदावर पसरलं.

त्या उन्हाळ्यात घोलपांचं घर बाहेरच्यापेक्षा अकरा अंशांनी गार होतं. गाव बघायला आलं. बघायला आलेल्यानं मूठभर मागितलं. तात्यांनी दिलं. ज्याला दिलं त्यानं शेजाऱ्याला दिलं. दोन वर्षांत पांढरओहळमधल्या एकशे सोळा माळवदांना विरजण लागलं. डबा कुणाचा होता हे मात्र तात्यांनी कुणालाही सांगितलं नाही. "नदीच्या दरडीतली खास माती हाय," एवढंच ते सांगत.

दार तिसऱ्यांदा अडकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मोनालीनं माळवदावरची ओंजळभर माती वजन करून पाहिली, मग भट्टीत वाळवून पुन्हा वजन केलं. त्या हिशेबानं बावीस टनांचं छत चाळीस टनांवर गेलं होतं. ती केळुस्करांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, गावातल्या एका माळवदात आपलं विरजण सापडलंय."

केळुस्करांनी आकडे पाहिले. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले. "शेतात पिकाची मुळं रोज पाणी उपसतात, म्हणून तिथं हिशेब बरोबर राहतो. छतावर पीक कुठं आहे? ऊन फक्त वरची दोन बोटं माती वाळवणार. खालची रोज रात्री पीतच राहणार."

"मग कड्या मोडतील?"

"कड्यांचं मला एवढं भय नाही. तुम्ही घरी दही लावता ना? भांडं शांत असलं की दही घट्ट. पळी फिरवली की ताक. ही माती तशीच आहे. नुसतं ओझं ती सोसेल, पण मोठा हादरा बसला तर सगळं छत एकाच वेळी ताक होईल आणि खाली ओतलं जाईल." त्यांनी कागद खाली ठेवला. "पण तिथं विरजण पोचलं कसं?"

मोनालीनं नंतर स्वतःला हजारदा विचारलं, की त्या क्षणी खरं बोलायला किती वेळ लागला असता. नोकरी गेली असती. गावानं तात्यांच्या तोंडाला काळं फासलं असतं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि ती म्हणाली, "वाऱ्यानं गेलं असेल, सर."

केळुस्करांचे खांदे सैल झाले. "वाऱ्यानं गेलं असेल तर एखाद-दुसऱ्याच घराला लागलेलं असणार. पौर्णिमेनंतर गावात पाहणी करू. त्या घरातल्या माणसांना तेवढं हलवा."

कुणी हातानं कालवून दिलंय, तेही एकशे सोळा घरांना, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्याच दुपारी गाव रिकामं करवलं असतं. मोनालीला हे पुरेपूर ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं तात्यांना सगळं सांगितलं. तात्या तंबाखू मळत ऐकत होते. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी तंबाखू तशीच हातात धरून ठेवली.

"मंग? काय करावं म्हन्ती?"

"माती उतरवायची, तात्या. समद्या गावाची. आधी आपली."

तात्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं घरात चप्पल घालून देव्हाऱ्याला पाय लावला. माळवदावर दर वर्षी नवी माती टाकायची, जुनी कधी काढायची नाही, ही पांढरओहळची रीत. माती उतरवतात ती एकाच घराची. ज्याच्या मागं कुणी उरलं नाही त्याची.

"आगं, ह्या माळवदावरची माती मी उतरवली, म्हंजी मीच गावाला वरडून सांगितलं, की कारभारीच्या मागं कुणी नाय. अन तू कोण हाईस मंग? आधीच लोक म्हणत्यात, पोरगी घरी बसलीय, घर बुडालं. त्यांच्या तोंडात मी माती देऊ?"

"म्हणू द्या त्यांना काय म्हणायचं ते."

"मला नाय चालायचं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "अन माती उतरवायला लावली की लोक इचारणार, ही आली कुठून. मी तुझं नाव आजवर घेतलं नाय, पोरी. मेलो तरी घ्यायचो नाय. चार दिवसांवर जत्रा हाय. जत्रा झाली की काय ते बघू. आपली मी उतरवीन, तुझी शप्पथ."

चार दिवस. मोनालीनं मनात मांडून पाहिलं. दोन वर्षं टिकलंय, चार दिवस टिकेल. तिला ते पटवून घ्यायचं होतं म्हणून ते पटलं. माणूस आपल्या माणसाशी खोटं बोलायला चाचरतो, स्वतःशी मात्र अगदी सफाईनं बोलतो. त्या रात्रीपासून तिनं तात्यांना अंगणात झोपायला लावलं, एवढंच केलं.

माघी पौर्णिमेला भैरोबाची जत्रा. दुपारी तीनच्या सुमाराला वेशीपासून देवळापर्यंत काठ्यांची मिरवणूक निघते आणि पुढं पंचक्रोशीतले शंभरएक ढोल. रस्ता अरुंद, म्हणून बाया, म्हातारी माणसं आणि लेकरं पेठेतल्या दोन्ही बाजूंच्या माळवदांवर बसून मिरवणूक बघतात. तिथून काठ्यांवर गुलाल टाकता येतो.

मोनाली सकाळपासून दारोदार फिरली. "आज वर बसू नका, माळवदं जड झाल्यात," असं सांगत राहिली. बाया तिच्या हातावर रेवड्या ठेवत आणि म्हणत, "आगं, दर साल बसतो की." एका म्हातारीनं तर तिला प्रेमानं सल्ला दिला, की मनाला लावून घेऊ नको, सणासुदीला एकट्या माणसाला असं होतंच.

ती हरून घरी आली. तात्या देवळात गेले होते. घरात सावली आणि गारवा. वेशीकडे ढोल सुरू झाले आणि जमिनीतून त्यांचा ठोका तळपायांना जाणवू लागला. तेव्हाच तिच्यासमोर फरशीवर टप्पकन एक थेंब पडला. दुधासारखा पांढरा. मग दुसरा. तिनं वर पाहिलं. किलचणाच्या फटीतून पांढऱ्या मातीची बारीक धार खाली उतरत होती, आणि ढोलाचा ठोका पडला की ती जाड होत होती.

मोनाली धावत सुटली. पेठेच्या तोंडाशी तिनं मिरवणूक गाठली आणि सगळ्यांत पुढच्या ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू हिसकावून घेतलं. तो इतका चकित झाला, की त्यानं ते सोडूनच दिलं. एक ढोल थांबला, त्याच्यामागचे दहा थांबले, मग हळूहळू सगळेच.

"ए मोनाली, येडी झालीस का?" सरपंच शिंदे गर्दीतून पुढं आले. "देवाची काठी अडवती?"

"माळवदं खाली येणार हायती! समद्यांना उतरवा! ढोल वाजवू नका!"

वरून कुणीतरी तिच्यावर गुलाल टाकला. हशा पिकला. सरपंचांनी ढोलवाल्याला खूण केली. मोनालीनं दोन्ही बाजूंच्या माळवदांवर नजर टाकली. दाटीवाटीनं बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवरची पोरं. सांगून कुणी उतरणार नव्हतं. मग तिनं ती गोष्ट बाहेर काढली, जी ती दोन वर्षं गिळून बसली होती.

"त्या मातीत मी चोरून आणलेलं विरजण हाय!" ती ओरडली. "दरडीतली खास माती नाय ती. प्रयोगशाळेतून मी आणलं, डब्यात घालून. तात्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. तुमच्या एकशे सोळा घरांत मी ते घातलंय, अन साहेबांशीसुद्धा मी खोटं बोलले!"

पेठेत एकच गलका उठला. काय म्हणाली? चोरून? कुणाच्या घरात? वरच्या बायांना नीट ऐकू येईना. अशी बातमी अर्धवट ऐकणं कुणाला जमतं? त्या पोरांना काखोटीला मारून शिड्या उतरू लागल्या. पुरुष बाह्या सरसावत पुढं आले. पाच मिनिटांत पेठेतली सगळी माळवदं रिकामी झाली आणि सगळं गाव मोनालीभोवती गोळा झालं. कुणीतरी तिच्या अंगावर थुंकलं. तिला रडू येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. खाली उतरलेली एकेक बाई ती डोळ्यांनी मोजत होती.

"माती उतरवा," ती सरपंचांना म्हणाली. "पण आत्ता नको. आधी साहेबांना बोलवू, ते सांगतील तशी, हळूहळू."

"उतरवा म्हंजी?" सरपंच उसळले. "आम्ही काय निर्वंशी हाओत? तुझ्या बापानं उतरवली का आधी?"

गर्दी मागून दुभंगली. तात्या आले होते. देवळातून धावत आल्यानं त्यांना धाप लागली होती. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांनी मोनालीकडे पाहिलं, तिच्या अंगावरच्या थुंकीकडे पाहिलं. मग ते आपल्या घराकडे वळले. घर तिथून तिसरंच. अंगणातलं फावडं उचलून ते शिडी चढू लागले.

"तात्या, नका! वर जाऊ नका!"

तात्या माळवदावर ताठ उभे राहिले. एवढ्या मोठ्यानं बोलताना गावानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "माझी वारस तिथं उभी हाय. समद्यांनी डोळे भरून बघून घ्या. अन तरी मी माती उतरवू ऱ्हायलो. आता कुणी म्हणू नका, की फक्त निर्वंशीच उतरवतो!"

त्यांनी फावडं मारलं. एक पाटीभर माती कठड्यावरून खाली पडली. मोनाली शिडीकडे पळत होती. दुसरं फावडं. तिसऱ्या घावासरशी सगळं माळवद, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, सायीसारखं थरथरलं. तात्यांच्या पायाखालची माती त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आली. त्यांनी नवलानं खाली पाहिलं. एवढी वर्षं ते मातीत काम करत होते, पण तिनं असं कधी केलं नव्हतं. मग कड्या मोडल्या आणि ते दिसेनासे झाले.

दारातून, खिडकीतून पांढरा लगदा बाहेर आला, अंगणात पसरला आणि तिथंच घट्ट झाला.

मघाशी थुंकणारी माणसंच आता कुदळी-फावडी घेऊन धावली. मोनाली त्यांच्या आडवी पडली. "घाव घालू नका! घाव घातला की ती पातळ होती, तात्या अजून खाली जातील! हातानं काढा. ओंजळीनं." लोकांनी ऐकलं. ह्या वेळी सगळ्यांनी ऐकलं. माळवदाखाली जायला नको म्हणून बायांनी घरातून नव्हे, जत्रेतल्या उघड्यावरच्या दुकानांतून वाट्या आणल्या. पन्नास-साठ माणसं दारापासून आतपर्यंत गुडघ्यांवर बसून माती उपसू लागली. सरपंचांनी डोक्याचा फेटा काढून बाजूला ठेवला आणि तेही बसले.

खालून टकटक झाली. लाकडावर लाकूड आपटल्याची. तात्या जिवंत होते. गर्दीतून हुंदका फुटला, पण मोनालीला दिसलं, की प्रत्येक ठोक्यागणिक तिच्या तळव्याखालची माती मऊ पडतेय आणि किंचित खाली बसतेय. तिनं तोंड मातीला लावलं.

"तात्या, ठोकू नका! गप पडून ऱ्हा! हललात की बुडाल! आम्ही येतोय!"

टकटक थांबली.

फक्त हातांचा आवाज. मोनाली मनगटभर खाली गेली, मग कोपरभर. तेवढ्यात वरच्या आळीत काहीतरी धप्पकन कोसळलं. एक रिकामं माळवद, आपसूक खाली आलं होतं. जमीन हादरली आणि मोनालीच्या हातांखालची माती तीन श्वासांपुरतं पाणी झाली. तिचे हात कोपरापर्यंत आत गेले, आणि माती पुन्हा घट्ट झाली ती त्यांना धरूनच. पेठेत सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. दोन्ही बाजूंना सपाट, पांढरी, गार माळवदं ओळीनं उभी होती. एकाच्या पडण्यानं दुसरं हलणार आणि दुसऱ्याच्या पडण्यानं तिसरं, हे आता कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

माणसं उठू लागली. पाऊल न वाजवता, लेकरांची तोंडं दाबून, मोकळ्या माळाकडे निघाली. सरपंच आणि आणखी चौघं मात्र हलले नाहीत. ते मोनालीचे हात मोकळे करू लागले, पण ती त्यांना खांद्यानं ढकलत होती. तिनं पुन्हा ओठ मातीला टेकवले.

"तात्या," ती अगदी हळू म्हणाली, "एकदा ठोका. फक्त एकदाच. मंग परत गप पडा."

तिनं श्वास रोखून कान लावला. तेवढ्यात समोरच्या घराची तुळई कडाडली, जमिनीला दणका बसला आणि तिच्या कानाखालची माती पुन्हा वाहू लागली.